क्यूजीआयएसमध्ये रास्टर प्रतिमा आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत क्यूजीआयएस (नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कारखान्यांच्या शेती विभागातले लोक आहेत, भूगोलाचे विद्यार्थी आहेत, पाणंद रस्त्यांचे आराखडे करणारे अभियंते आहेत, पन्हाळा ते विशाळगड वाटेचे नकाशे करणारे ट्रेकरही आहेत. कामं वेगळी असली तरी अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते. प्रत्येक रास्टरमध्ये दोन गोष्टी असतात: एक चित्र आणि दुसरा त्या चित्राचा जमिनीवरचा पत्ता. चित्र बिघडलं तर लगेच दिसतं. पत्ता चुकला तर बऱ्याचदा दिसत नाही, आणि त्यावर महिनाभर डिजिटायझिंग (चित्रावरून रेषा आणि हद्दी काढून घेणं) होऊन जातं. म्हणून खालच्या उत्तरांत पत्त्यावर जास्त भर आहे. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

१. रास्टर म्हणजे नेमकं काय? फोटो आणि रास्टर यात फरक काय?

चौकोनी कप्प्यांची जाळी आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा, हे रास्टर. त्या कप्प्याला पिक्सेल म्हणतात. आकडा रंगाचा असेल तर ती प्रतिमा होते, उंचीचा असेल तर डीईएम, म्हणजे उंचीचा नकाशा. मोबाइलचा फोटोही तांत्रिकदृष्ट्या रास्टरच आहे, पण आपला पहिला पिक्सेल जमिनीवर कुठे पडतो आणि एक पिक्सेल म्हणजे किती मीटर हे त्याला ठाऊक नसतं. तेवढी माहिती जोडली की तो नकाशाच्या कामाचा होतो.

२. फाइल क्यूजीआयएसमध्ये आणायची कशी?

'लेयर' मेनूत 'ॲड लेयर', त्यात 'ॲड रास्टर लेयर'. कीबोर्डवरून कंट्रोल-शिफ्ट-आर. फाइल ओढून थेट खिडकीत टाकली तरी चालतं. आत आली की लगेच लेयरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधलं 'इन्फर्मेशन' हे पान उघडा आणि तीन गोष्टी वाचा: सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) कोणतं, एक्स्टेंट (चारही कडांचे निर्देशांक) काय, पिक्सेल साइज किती. ही सवय लागली तर या पानावरचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

३. ड्रोनवाल्याकडून किंवा कार्यालयाकडून प्रतिमा कोणत्या फॉरमॅटमध्ये मागून घेऊ?

जिओटिफ. चित्र, पत्ता आणि सीआरएस सगळं एकाच फाइलमध्ये असतं. जेपीजी मिळाली तर सोबत वर्ल्ड फाइल हवी (प्रश्न ४). जेपी२ चालतं. ईसीडब्ल्यू शक्यतो टाळा. त्याचं वाचन क्यूजीआयएसच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनमध्ये असतंच असं नाही, आणि तुमच्या मशीनवर उघडली तरी पुढच्या माणसाकडे उघडेल याची खात्री नाही. पीडीएफ मिळाली तर आधी ती थेट रास्टर म्हणून उघडून पाहा. काही पीडीएफमध्ये पत्ता असतो आणि ती जागेवर बसते. अक्षरं पुसट दिसली तर पीडीएफ कमी डीपीआयवर (इंचाला कमी ठिपके घेऊन) वाचली गेली आहे असं समजा; 'जीडॅल_पीडीएफ_डीपीआय' या सेटिंगचा आकडा ३०० करून पुन्हा उघडा.

४. जेपीजीसोबत जेजीडब्ल्यू नावाची छोटीशी फाइल आली आहे. ती लागते का?

लागते. काढून टाकू नका, नावही बदलू नका. तीच वर्ल्ड फाइल. नोटपॅडमध्ये उघडली तर फक्त सहा ओळी दिसतील. शहराच्या मध्यभागाचं ५ सेंटिमीटर पिक्सेलचं चित्र असेल तर साधारण अशा:

०.०५
०
०
-०.०५
४१७०००.०२५
१८४५९९९.९७५

पहिली ओळ पिक्सेलची रुंदी. दुसरी आणि तिसरी तिरकेपणाची, एरवी शून्य. चौथी पिक्सेलची उंची. ती उणे असते, कारण चित्राच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात आणि नकाशाचे उत्तरेचे आकडे खालून वर वाढतात. शेवटच्या दोन ओळी म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पिक्सेलच्या मध्याचे निर्देशांक. इथे चित्राचा कोपरा ४१७०००, १८४६००० वर आहे आणि त्यात अर्धा पिक्सेल मिळवला-वजा केला आहे. (प्रत्यक्ष फाइलमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत असतात.)

या सहा ओळींत सीआरएसचं नाव कुठेच नाही. आकडे मीटरमध्ये आहेत की अंशांत, कोणत्या झोनचे (प्रश्न ७) आहेत, हे फाइल पाठवणाऱ्यालाच विचारावं लागतं. फाइल घेताना हा प्रश्न विचाराच. सहा महिन्यांनी सांगायला कोणी जागेवर नसतं.

५. व्हॉट्सॲपवर आलेली प्रतिमा जागेवर का बसत नाही?

फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप ती पुन्हा दाबून लहान करतं. पिक्सेलची संख्या बदलते आणि ड्रोनच्या फोटोंतली जीपीएस नोंद निघून जाते. वर्ल्ड फाइल असली तरी तिच्यातला पिक्सेलचा आकार आता लागू पडत नाही. मूळ फाइल आणि तिच्यासोबतच्या सगळ्या छोट्या फाइली एका झिपमध्ये घालून डॉक्युमेंट म्हणून मागवा.

६. प्रतिमा टाकली, लेयरच्या यादीत नाव दिसतंय, पण नकाशावर काहीच नाही. गेली कुठे?

लेयरवर राइट क्लिक, 'झूम टू लेयर'. ती जिथे असेल तिथे नकाशा जाईल. खाली जगाचा बेसमॅप ठेवा आणि कुठे पोचलात ते बघा. त्या जागेवरूनच चूक कळते.

समजा प्रोजेक्ट यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या पद्धतीत (प्रश्न ७) आहे आणि प्रतिमा मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर पाण्यात पडली. याचा अर्थ तिला पत्ताच नाही; पिक्सेलचे क्रमांकच मीटर म्हणून वाचले गेले. प्रोजेक्ट वेब मर्केटर या ऑनलाइन बेसमॅपच्या पद्धतीत (प्रश्न ९) असेल तर तीच प्रतिमा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसेल. दोन्ही वेळा उपाय जिओरेफरन्सिंग, म्हणजे प्रतिमेला जमिनीवरचा पत्ता जोडणं (प्रश्न १० ते १३).

नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात, बेअर बेटाच्या आसपास पोचलात तर अक्षांश आणि रेखांश उलटे भरले गेलेत. कोल्हापूर १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व आहे. आकडे फिरले की ७४.२ उत्तर होतं. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश, तो आधी येतो. आपल्याला बोलताना अक्षांश आधी म्हणायची सवय असते, त्यातून हा घोळ होतो.

गुंटूर-विजयवाडा पट्ट्यात पडली असेल तर झोन चुकलाय: ४३ ऐवजी ४४ दिलाय. सहा अंश पूर्वेला सरकली.

आणि प्रतिमा बरोबर कोल्हापुरात आहे पण नुसता काळा चौकोन दिसतोय, तर तो पत्त्याचा प्रश्नच नाही. प्रश्न १५ पाहा.

७. कोल्हापूर जिल्ह्यासाठी कोणतं सीआरएस वापरू?

मोजमापाच्या कामासाठी डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर. कोड ईपीएसजी:३२६४३. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा आहे आणि गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत अख्खा जिल्हा त्यात बसतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली मात्र झोन ४४ मध्ये येतात, त्यामुळे तिकडून आलेली प्रोजेक्ट फाइल तशीच उचलू नका.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: अंबाबाईच्या देवळाजवळ या सीआरएसमध्ये पूर्वेचा आकडा सुमारे ४ लाख १७ हजार आणि उत्तरेचा सुमारे १८ लाख ४६ हजार येतो. शहरातली कोणतीही प्रतिमा उघडल्यावर एक्स्टेंट याच्या आसपास दिसला की पहिली पायरी पार पडली.

८. 'सेट लेयर सीआरएस' केलं तर प्रतिमा भलतीकडे उडाली. 'वॉर्प' आणि हे वेगळं आहे का?

पूर्ण वेगळं आहे. सगळ्यात जास्त नुकसान याच गोंधळातून होतं, म्हणून थोडं सविस्तर.

'सेट लेयर सीआरएस' एकही आकडा बदलत नाही. ते फक्त क्यूजीआयएसला सांगतं की आत्ता जे आकडे आहेत ते अमुक पद्धतीचे आहेत असं समज. टूलबॉक्समधलं 'असाइन प्रोजेक्शन' हेच फाइलमध्ये लिहून ठेवतं. फाइलवर सीआरएसची पाटीच नसेल, किंवा चुकीची आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, तेव्हाच हे वापरायचं.

'वॉर्प (रिप्रोजेक्ट)' आकडे खरोखर बदलतं. प्रत्येक पिक्सेल नव्या पद्धतीत मोजून नवी फाइल तयार करतं. ईपीएसजी:४३२६ (डब्ल्यूजीएस ८४ चे अंशांतले अक्षांश-रेखांश) मधली प्रतिमा यूटीएममध्ये हवी असेल तर वॉर्प करा. तिथे 'सेट सीआरएस' करून ३२६४३ दिलं, तर ७४.२ हा अंश ७४.२ मीटर म्हणून वाचला जातो आणि अख्खा जिल्हा विषुववृत्ताजवळ समुद्रात एका ठिपक्याएवढा होऊन बसतो.

आणखी एक. दोन लेयर वेगळ्या सीआरएसमध्ये असले तरी क्यूजीआयएस दाखवताना ते आपोआप जुळवतं. त्यामुळे नुसतं बघण्यासाठी वॉर्प करायची गरज नाही. दोन लेयर जुळत नसतील तर 'सीआरएस एकच करू' म्हणून हात घालण्याआधी कोणाची पाटी खोटी आहे ते शोधा.

९. प्रतिमेवरून काढलेलं उसाचं क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त का येतं?

पहिला संशय वेब मर्केटरवर घ्या, म्हणजे ईपीएसजी:३८५७. ऑनलाइन बेसमॅप याच पद्धतीत असतात आणि बेसमॅप आधी टाकला की नवा प्रोजेक्टही तीच पद्धत धरतो. विषुववृत्तापासून दूर जाऊ तसं यात सगळं फुगतं. कोल्हापूरच्या अक्षांशावर क्षेत्रफळ नऊ ते दहा टक्के जास्त भरतं. म्हणजे एक एकराचे ४० गुंठे जवळपास ४४ होतात. हजारो प्लॉटांच्या नोंदीत हा फरक केवढा होईल बघा.

क्यूजीआयएसचं मोजायचं साधन 'एलिप्सॉइडल'वर (पृथ्वीचा खरा गोल आकार धरून) असेल तर ही चूक सुधारून दाखवतं, म्हणून हाताने मोजताना लक्षात येत नाही. पण वर्गीकरण केलेल्या रास्टरचे पिक्सेल मोजून त्यांना पिक्सेलच्या आकाराने गुणलं की फुगलेलं उत्तर मिळतं. फील्ड कॅल्क्युलेटरमध्येही 'एरिया' फंक्शन सपाट मोजतं आणि 'डॉलर एरिया' एलिप्सॉइडवर. रास्टर यूटीएममध्ये वॉर्प करून मगच मोजा.

त्यानंतरही फरक उरला तर तो बांध, ओढा, पोटखराबा यांचा असू शकतो. तो सॉफ्टवेअरमधून सुटणारा नाही, शेतात जाऊनच बघावा लागतो.

१०. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (छापील भूनकाशा) स्कॅन केली आहे. कशी बसवू?

आधी शीट बरोबर आहे ना बघा. जुन्या क्रमांकात जिल्ह्याचा मोठा भाग ४७ एल या चौकोनात येतो. अंबाबाईचं देऊळ ४७ एल/२ वर आहे, पन्हाळा ४७ एल/१ वर, उजळाईवाडीचं विमानतळ ४७ एल/६ वर. शहर ७४ अंश १५ मिनिटांच्या रेषेला लागूनच असल्याने पूर्वेकडच्या उपनगरांसाठी दुसरी शीट घ्यावीच लागते.

स्कॅन सपाट स्कॅनरवर, निदान ३०० डीपीआयने. १:५०,००० च्या शीटवर त्याने एक पिक्सेल सव्वाचार मीटरचा पडतो. भिंतीवर टांगलेल्या शीटचा मोबाइलने काढलेला फोटो यासाठी वापरू नका. कागदाचा फुगवटा आणि भिंगाचा वाकडेपणा दोन्ही त्यात उतरतात.

आता 'लेयर' मेनूत 'जिओरेफरन्सर' उघडा (आवृत्ती ३.२६ च्या आधी तो 'रास्टर' मेनूत होता). पंधरा मिनिटांच्या शीटवर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांशाच्या रेषा असतात. ४७ एल/२ वर रेखांश ७४°००′, ०५′, १०′, १५′ आणि अक्षांश १६°३०′, ३५′, ४०′, ४५′. म्हणजे सोळा छेदबिंदू आयतेच मिळतात. चार कोपऱ्यांवर समाधान मानू नका, सोळाही घ्या. भरपूर झूम करून रेषेच्या जाडीच्या मधोमध क्लिक करा. दशांशात भरत असाल तर सहा स्थळं लिहा: १६°४०′ म्हणजे १६.६६६६६७. चार स्थळांवर थांबलात तर तिथेच साडेतीन मीटरहून अधिक गेले.

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ चे नाहीत. त्या एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) काढलेल्या आहेत. तेच आकडे जीपीएसचे समजून ४३२६ दिलं तर कोल्हापूरच्या आसपास शीट शंभर मीटरहून अधिक सरकते. टार्गेट सीआरएस कल्याणपूर १९७५, म्हणजे ईपीएसजी:४१४६ द्या, आणि तयार झालेली प्रतिमा नंतर ३२६४३ मध्ये वॉर्प करा. डेटम ट्रान्सफॉर्मेशन (जुन्या पद्धतीतून नव्यात नेण्याचं सूत्र) विचारलं तर भारतासाठीचं निवडा. नव्या ओपन सीरिज शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आणि यूटीएममध्ये आहेत, त्यांना हा उपद्व्याप लागत नाही.

तपासणीसाठी रेल्वेमार्ग, जुने पूल, देवळं, किल्ल्याची तटबंदी बघा. पंचगंगेचा काठ बघू नका, नदी जागा बदलते. महामार्गही नको, रुंदीकरणात त्याचा मध्य हलला आहे.

११. जिओरेफरन्सरमध्ये 'ट्रान्सफॉर्मेशन टाइप' कोणता निवडू? बिंदू किती?

कागद नीट स्कॅन झालेला असेल तर पॉलिनॉमियल १. त्याला किमान तीन बिंदू लागतात, पण किमान म्हणजे पुरेसे नव्हे. तीनच दिले तर चूक दाखवायला चौथा उरत नाही. कागद असमान ताणला असेल तर पॉलिनॉमियल २, किमान सहा. पॉलिनॉमियल ३ ला दहा लागतात आणि बिंदूंच्या बाहेरच्या भागात ते चित्र वेडंवाकडं ओढतं. मी ते सुचवत नाही. तिरका काढलेला फोटोच हाताशी असेल तर प्रोजेक्टिव्ह, किमान चार बिंदू. मोजणीच्या प्रमाणबद्ध आराखड्याला हेल्मर्ट, कारण ते फक्त सरकवतं, फिरवतं आणि लहानमोठं करतं. आकार मोडत नाही.

थिन प्लेट स्प्लाइन शेवटचा पर्याय. का, ते पुढच्या उत्तरात.

बिंदू चित्रभर पसरलेले हवेत. एका कोपऱ्यात दाटलेल्या वीस बिंदूंपेक्षा चहूकडे पसरलेले आठ चांगले. आणि 'सेव्ह जीसीपी पॉइंट्स' करून ती यादी प्रतिमेसोबत जपा. पुढे शंका आली तर तोच एकमेव पुरावा.

१२. मीन एरर (बिंदूंची सरासरी चूक) किती आला तर चालेल? माझा शून्य आलाय, म्हणजे अगदी अचूक का?

शून्य आला तर बहुधा थिन प्लेट स्प्लाइन निवडलं आहे, किंवा बिंदू किमान संख्येइतकेच आहेत. स्प्लाइन प्रत्येक बिंदू ओढूनताणून बरोबर जागी बसवतं, मग तो बिंदू चुकीचा का असेना. त्या शून्यातून काहीच कळत नाही.

खरी कसोटी म्हणजे जिओरेफरन्सिंगमध्ये न वापरलेले चार-पाच बिंदू बाजूला ठेवणं आणि प्रतिमा बसल्यावर तिथे किती फरक पडतो ते मोजणं. १:५०,००० च्या शीटवर छापील रेषेचीच जाडी जमिनीवर दहा-बारा मीटर भरते, त्यामुळे तेवढी चूक राहणार. एखाद्याच बिंदूचा रेसिड्युअल (त्या बिंदूवर उरलेली चूक) बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट असेल तर आधी त्याचे आकडे तपासा. ३५ च्या जागी ५३ टाइप झालेलं असतं.

१३. गावनकाशावर अक्षांश-रेखांशच नाहीत. तो कसा बसवायचा?

जमिनीवर आणि नकाशावर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा शोधून. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड, जुनी विहीर, देऊळ, पाणंदीचा फाटा, ओढ्यावरचा जुना पूल. शक्य तिथे स्वतः जाऊन जीपीएसचं वाचन घ्या, नसेल तर खात्रीच्या ऑर्थोफोटोवरून (तिरकेपणा काढून जागेवर बसवलेला हवाई फोटो). गावातला जुना जाणता माणूस सोबत असेल तर उत्तम. कोणता बांध मूळचा आणि कोणता नंतर सरकलेला हे तोच सांगू शकतो.

मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झालेल्या जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. नकाशावर प्रमाण साखळ्यांत लिहिलेलं असेल तर सर्व्हेअरची ६६ फुटांची इंग्लिश साखळी धरून हिशेब करू नका, क्षेत्र चौपट होईल.

आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं: असा बसवलेला नकाशा नियोजनासाठी, पाहणीसाठी, पीकनोंदीसाठी आहे. हद्दीच्या वादात तो दाखवून कोणाच्या बांधावर बोट ठेवू नका. हद्द ठरवायला भूमी अभिलेख विभागाची मोजणी लागते.

१४. ड्रोनचा ऑर्थोफोटो आणि सॅटेलाइट बेसमॅप तीन मीटरने जुळत नाहीत. खरं कोण?

दोघांपैकी कोणीही खोटं असू शकतं. बेसमॅप वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांनी बनतो आणि प्रत्येक तुकड्याची चूक वेगळी असते. डोंगराळ भागात जास्त. ड्रोनमध्ये साधाच जीपीएस असेल आणि जमिनीवर कंट्रोल पॉइंट घेतले नसतील तर ऑर्थोफोटोही काही मीटर सरकतो, जरी त्यात गवताचं पातं दिसत असलं तरी. चित्र तीक्ष्ण आहे म्हणून ते जागेवर आहे असं होत नाही.

निवाडा जमिनीवरच होतो. डीजीपीएस किंवा आरटीकेने (जास्त अचूक जीपीएस) घेतलेले तीन-चार बिंदू टाकून बघा. बिंदूच नसतील तर निदान सगळं काम एकाच प्रतिमेवरून करा, अर्धं इकडून आणि अर्धं तिकडून नको.

१५. प्रतिमा पूर्ण काळी दिसते. फाइल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. सॅटेलाइटची प्रतिमा १६ बिटांची असते, म्हणजे आकडा ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात जमिनीचे आकडे खालच्या काही हजारांतच असतात. 'सिम्बॉलॉजी'मध्ये 'मिन/मॅक्स व्हॅल्यू सेटिंग्ज' उघडा, 'क्युम्युलेटिव्ह काउंट कट' २ ते ९८ टक्के ठेवा. 'आयडेंटिफाय'ने क्लिक केल्यावर वेगवेगळे आकडे येत असतील तर फाइल ठणठणीत आहे.

१६. प्रतिमेच्या कडेला काळी पट्टी येते आणि खालचा लेयर झाकला जातो.

'प्रॉपर्टीज'मध्ये 'ट्रान्स्परन्सी', तिथे 'ॲडिशनल नो डेटा व्हॅल्यू' शून्य द्या. ड्रोनच्या चित्रात गडद सावलीचा आकडाही शून्य असतो आणि तिथे भोकं पडतात. तसं झालं तर चित्राच्या सीमेचा पॉलिगॉन काढून 'क्लिप रास्टर बाय मास्क लेयर' करा. टोपोशीटची छापील कडही अशीच कापायची, नाहीतर शेजारची शीट जोडता येत नाही.

१७. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे बँड (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याचं चित्र) वेगवेगळ्या फाइलींत आले आहेत. रंगीत चित्र कसं करू?

'रास्टर', 'मिसलेनियस', 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर'. १० मीटरच्या फोल्डरमधले बँड ४, ३, २ या क्रमाने निवडा आणि 'प्लेस ईच इनपुट फाइल इंटू अ सेपरेट बँड' वर खूण असू द्या. नैसर्गिक रंग मिळतील. ८, ४, ३ घेतले तर हिरवं पीक लाल दिसतं आणि ऊस चटकन उठून येतो.

हीच खूण शेजारशेजारच्या शीट किंवा ड्रोनचे तुकडे जोडताना काढायची असते. ती आधीपासूनच लावलेली असते, म्हणून 'जोडल्यावर रंग भलतेच झाले' अशी तक्रार येते. व्हर्च्युअल रास्टर मूळ फाइलींकडे फक्त बोट दाखवतं. मूळ फाइली हलवल्या की ते उघडत नाही.

वर्षावर्षांची तुलना करणाऱ्यांसाठी: २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना आधी १००० वजा करून मग १०,००० ने भागायचं. त्याआधीच्या मूळ फाइलींत नुसतं भागायचं. हे न करता २०२१ आणि २०२३ चा एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) शेजारी ठेवला तर पीक खालावल्यासारखं दिसेल, आणि तसं काही झालेलं नसेल.

१८. पुराच्या दिवसांतली प्रतिमा हवी आहे, पण सगळीकडे ढगच आहेत.

जुलै-ऑगस्टमध्ये सेंटिनेल-२ कडून अपेक्षा ठेवू नका. सेंटिनेल-१ हे रडार आहे, ढगांतून पाहतं, रात्रीही. पण त्याची जीआरडी फाइल थेट क्यूजीआयएसमध्ये टाकली तर उलटी किंवा भलत्याच जागी दिसते, कारण तिच्यात नेहमीचा पत्ता नसून नुसते कंट्रोल पॉइंट असतात. आधी स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन आणि 'रेंज डॉप्लर टेरेन करेक्शन' करा, जिओटिफ काढा, मग आणा. शिरोळच्या सपाटीवर ही दुरुस्ती टाळली तरी फरक कमी दिसेल. जोतिबा-पन्हाळ्याच्या डोंगरांत मात्र उतार भलतीकडेच झुकतात.

शांत पाणी रडारवर काळं दिसतं. पण उंच उसात शिरलेलं पाणी पानांखाली दडतं आणि कोरड्या शेतासारखं दिसू शकतं. नृसिंहवाडीच्या आसपासचं क्षेत्र नुसत्या काळ्या पिक्सेलवरून मोजलं तर नुकसान कमी भरेल. जिथे पंचनाम्यावर कोणाची भरपाई अवलंबून आहे, तिथे ही उणीव अहवालात लिहायलाच हवी.

शिवाय उपग्रह रोज जात नाही. प्रतिमा ज्या तासाची आहे त्या तासाची पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी शेजारी नोंदवा. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ फुटांच्या दिवशीची प्रतिमा त्या पुराची कमाल रेषा म्हणून वापरता येणार नाही.

१९. ड्रोनच्या डीईएममधली उंची एसआरटीएमपेक्षा (मोफत मिळणारा उंचीचा नकाशा) साठ-सत्तर मीटर कमी येते. ड्रोन बिघडलाय का?

नाही. जीपीएस उंची एलिप्सॉइडपासून मोजतो, एसआरटीएम समुद्रसपाटीच्या जवळ जाणाऱ्या ईजीएम९६ या पृष्ठापासून. आपल्या भागात दोन्हींत साठ मीटरहून अधिक अंतर आहे. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरून उतरवलेला कार्टोडेम हा उंचीचा नकाशाही एलिप्सॉइडचाच आहे. पूररेषेचं काम असेल तर सगळी उंची एकाच पृष्ठावर आणल्याशिवाय एकही रेषा काढू नका.

२०. ऑर्थोफोटो इतका जड आहे की क्यूजीआयएस अडकतं.

एक चौरस किलोमीटर ५ सेंटिमीटरने म्हणजे ४० कोटी पिक्सेल. तीन बँडचे दाबल्याशिवाय १२० कोटी बाइट. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पिरॅमिड्स' (प्रतिमेच्या लहान प्रती) बांधा, एकदाच वेळ लागतो आणि मग झूम सुरळीत चालतं. फाइल पेन ड्राइव्हवरून उघडू नका. तुकडे मर्ज करण्याऐवजी व्हर्च्युअल रास्टर करा (प्रश्न १७). फाइल ४ जीबीच्या पुढे जाणार असेल तर एक्स्पोर्ट करताना 'बिगटिफ' चालू ठेवा, नाहीतर शेवटी लिहिणं थांबतं.

२१. एक्स्पोर्ट केल्यावर उंचीचे आकडे गेले, फक्त ० ते २५५ उरले.

'सेव्ह ॲज'मध्ये 'रेंडर्ड इमेज' निवडलं होतं. ते पडद्यावरचे रंग जतन करतं. 'रॉ डेटा' निवडा. मूळ फाइल जपून ठेवली असेल तरच हे सुधारता येतं.

२२. वॉर्प करताना 'रिसॅम्पलिंग' (नव्या पिक्सेलचा आकडा ठरवायची पद्धत) कोणतं निवडू?

आकडा म्हणजे प्रकार असेल (१ ऊस, २ भात, ३ पाणी) तर निअरेस्ट नेबर, दुसरं काहीही नाही; बायलिनिअरने ऊस आणि पाणी यांच्या मधे भात उगवतो. उंचीला बायलिनिअर, डोळ्यांनी बघायच्या फोटोला क्युबिक.

२३. गूगलच्या नकाशाचा स्क्रीनशॉट घेऊन बसवला तर?

करू नका. स्क्रीनशॉटचा पिक्सेल तुमच्या पडद्यावर ठरतो, तारीख कळत नाही, आणि त्यावरून स्वतःचा नकाशा-डेटा तयार करायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. सेंटिनेल, भुवन आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीट उघडपणे मिळतात; मिळवताना त्यांच्याही अटी वाचा.

२४. सीआरएस बरोबर, झोन बरोबर, तरी डीईएम दुसऱ्या लेयरपासून पंधरा मीटर सरकलेला दिसतो.

पंधरा मीटर म्हणजे ३० मीटरच्या पिक्सेलचा अर्धा. काही रास्टरमध्ये निर्देशांक पिक्सेलच्या कोपऱ्याचे धरतात, काहींत मध्याचे. एसआरटीएमच्या एका चौकोनात ३६०१ गुणिले ३६०१ पिक्सेल असतात आणि कडेच्या पिक्सेलचा मध्य अंशाच्या रेषेवर असतो. म्हणून कोल्हापूरचा एन१६ई०७४ हा चौकोन ७४ अंशाच्या रेषेबाहेर अर्धा पिक्सेल जातो, आणि ते बरोबरच आहे. तो हाताने सरकवू नका. दुसरा लेयर कुठल्या साधनातून निघाला ते बघा; बहुतेक वेळा आस्की ग्रिड किंवा वर्ल्ड फाइल करताना कोपरा आणि मध्य यांची अदलाबदल तिकडे झालेली असते. वर्ल्ड फाइल असेल तर शेवटच्या दोन ओळींत अर्ध्या पिक्सेलची दुरुस्ती करून लेयर पुन्हा उघडा (प्रश्न ४).